रायगड जिल्ह्यातील प्राथमिक संगणकशिक्षण आणि बालकांची आंतरजालीय सुरक्षितता : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

भारतीय शाळांमध्ये संगणकाचा प्रवेश वरून खाली झाला. इ.स. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा प्रकल्प सुरू केला. त्याअंतर्गत ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक निवडक माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालयांना देण्यात आले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणक साक्षरतेचा पुरस्कार केला, आणि डिसेंबर २००४ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली. या सर्व टप्प्यांवर लाभार्थी होता तो माध्यमिक विद्यार्थीच. पहिली ते चौथीचा विद्यार्थी या नियोजनात जवळजवळ कोठेच दिसत नाही. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा लोकप्रिय अभ्यासक्रमदेखील प्रामुख्याने नोकरीच्या उंबरठ्यावरील तरुणांनी आणि शासकीय कर्मचाऱ्यांनी उचलून धरला. या पार्श्वभूमीवर प्राथमिक स्तरावरील एक महत्त्वाचा प्रयोग पनवेलच्या शेजारी, माथेरानच्या डोंगररांगेपलीकडील कर्जत तालुक्यात घडला, ही बाब स्थानिक इतिहासलेखनाने फारशी नोंदविलेली नाही.

खैराटचा प्रयोग :

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही कल्पना जगापुढे मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून ती गाजली. मात्र २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा एका यंत्राची किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेकडे पाठ फिरविली होती. ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद आहे, असा मंत्रालयाचा अभिप्राय होता. फळा, खोल्या आणि शिक्षक यांचीच जेथे वानवा, तेथे लॅपटॉपवर खर्च करावा काय, हा प्रश्न रास्त होता, यात शंका नाही.

तरीही २००७ च्या उत्तरार्धात या योजनेचा भारतातील पहिला पथदर्शी प्रयोग कर्जत तालुक्यातील खैराट या खेड्यात सुरू झाला. शाळा एकशिक्षकी, चार इयत्तांची मुले एकाच खोलीत बसणारी. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, सशासारखे दोन कान उभारलेले हे यंत्र उन्हातही वाचता येत असे आणि ते कान म्हणजे शेजारच्या यंत्राशी थेट संपर्क साधणारे अँटेना होते. विशेष म्हणजे यंत्र शाळेचे नव्हे, मुलाचे मानलेले होते. शहरी शाळेतील कुलूपबंद संगणक कक्ष आणि आठवड्यातून एक तास, या परिचित व्यवस्थेच्या हे अगदी उलट होते.

या प्रयोगाची चर्चा बहुधा किंमत आणि उपयुक्तता या दोनच अंगांनी झाली. सुरक्षिततेचे अंग मात्र दुर्लक्षित राहिले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत उद्बोधक आहे. या लॅपटॉपसाठी 'बिटफ्रॉस्ट' नावाची सुरक्षाप्रणाली आखली गेली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आराखड्यात दोन तत्त्वे स्पष्ट होती : वापरणारे मूल पाच वर्षांचेही असू शकते, म्हणून सुरक्षितता पासवर्ड लक्षात ठेवण्यावर अवलंबून नसावी, आणि मुलाला वाचता येईलच असे नाही, म्हणून ती पडद्यावरील सूचना वाचून होकार देण्यावरही अवलंबून नसावी. कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक चालू असता दिवा लागलाच पाहिजे, अशीही योजना होती. चोरीला गेलेले यंत्र ठरावीक मुदतीनंतर आपोआप निकामी व्हावे, ही तरतूदही तीत होती. अक्षरओळख नसलेले बालक गृहीत धरून आखलेली सुरक्षाव्यवस्था त्या काळात दुर्मीळच म्हणावी लागेल. अर्थात अनोळखी माणसाशी बोलावे की नाही, हे कोणतेही यंत्र शिकवू शकत नव्हते. तो भाग एकट्या शिक्षकाच्या वाट्याला येत होता.

मुलाच्या यंत्राकडून वडिलांच्या मोबाईलकडे :

खैराटचे प्रतिमान राज्यभर पसरले नाही. महाराष्ट्रात पुढे जे पसरले ते वेगळे होते. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेने डिजिटल शाळेचा धडा घालून दिला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली; २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड छापले जाऊ लागले. या बदलाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. कोड उघडण्यासाठी मोबाईल लागतो, आणि तो बहुधा वडिलांचा असतो. त्याच मोबाईलमध्ये घरातील पैशांचे व्यवहार, कुटुंबाची छायाचित्रे आणि कसलेही कुंपण नसलेले महाजाल असते. पाठ्यपुस्तकच मुलाला या दारापर्यंत नेऊन सोडते. दाराआड काय आहे, ते मात्र त्यात सांगितलेले नसते.

करोनाकाळात हे अंतर्विरोध उघडे पडले. १५ जून २०२० च्या सुमारास राज्य शासनाने पहिली-दुसरीच्या मुलांना ऑनलाइन शिक्षणातून वगळले होते. महिनाभरातच, जुलैमध्ये, मर्यादित वेळेची मुभा द्यावी लागली. केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सुचविली. वेळेचे बंधन घड्याळाने मोजता येते, म्हणून धोरणकर्त्यांना ते सोयीचे वाटले असावे. त्या वेळात मूल कोणाशी बोलते, हे घड्याळ सांगत नाही.

कायद्याचा प्रवास समांतर, परंतु शाळेबाहेरून झाला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६७-ब आले व ते ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. लैंगिक हेतूने बालकाला ऑनलाइन संबंधात ओढणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली. येथे बिटफ्रॉस्टच्या तत्त्वाची आठवण होते : ती प्रणाली होकार वाचू न शकणाऱ्याला गृहीत धरत होती, हा कायदा मात्र वाचून होकार देऊ शकणारा पालक गृहीत धरतो. डोंगराळ भागातील वाड्यांवर, तसेच पनवेल परिसरातील बांधकाम मजुरांच्या वस्त्यांवर, असा पालक घरोघरी असेलच असे नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय कोडलेखनास सहावीपासून स्थान दिले. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा क्रमांक उपलब्ध आहे. तथापि, पडद्यावर काही भलते दिसल्यास ते लपवू नये, मोठ्या माणसाला सांगावे आणि सांगितल्याबद्दल ओरडा बसणार नाही, हे तिसरीतील मुलाला कोणत्या तासाला शिकवायचे, याचे उत्तर त्या धोरणाच्या सहावीपासूनच्या मांडणीत सापडत नाही. परिसर अभ्यासाच्या तासातील दहा मिनिटे त्यासाठी काढता येतात. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळून ती काढायची असतात.