दोघांच्या युद्धाची मिरास

अंतराळयुद्धाच्या संगणकीय खेळांचा इतिहास जो कोणी मुळापासून चाळून पाहील, त्याला हे जाणवल्यावाचून राहणार नाही की, हा खेळ जन्मतःच दोघांचा होता. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ई. ई. स्मिथ यांच्या विज्ञानकादंबऱ्यांनी भारावून जाऊन, पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाशी झगडत परस्परांवर मारा करणाऱ्या त्यातील दोन यानांना दोन चालक लागत, आणि एकट्याने खेळण्याची तजवीजच त्यात नव्हती.

प्रयोगशाळेतील हे द्वंद्व घरातील सहकार्यात परिणत झाले, याचे मोठे श्रेय जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ साली काढलेल्या ‘कॉन्ट्रा’ला द्यावे लागेल. परग्रहावरील शत्रूचा निःपात करणारे त्यातील दोन शिपाई एकाच पडद्यावर खांद्याला खांदा लावून लढत. आणि उदारीकरणानंतरच्या दशकात फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकला महाराष्ट्रात येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या कॅसेटींतून हा खेळ उन्हाळ्याच्या सुटीतील मराठी घरांतही दाखल झाला. त्यातील धबधब्याची तिसरी स्टेज ज्यांनी भावंडांसह पार केली असेल, त्यांना तिचे मर्म सांगावयास नको: पुढचा उतावीळपणे कड्यामागून कडा चढू लागला की पडदाही वर सरके, आणि खाली राहिलेल्याची एक लाइफ नाहक जाई, म्हणून थोरल्याने धाकट्यासाठी कड्यावर थांबावे, असा दंडक त्या स्टेजच्या रचनेनेच घालून दिला होता.

हीच परंपरा २००१ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सवर आलेल्या बंजी कंपनीच्या ‘हेलो’ने वैभवास नेली. पडदा दुभंगून दोघांना संपूर्ण कथा एकत्र खेळण्याची मुभा त्या खेळात होती, आपसांतील लढाईसाठी एका यंत्रावर चौघे बसत, आणि चार यंत्रे तारेने जोडली असता सोळा जणांची फौज उभी राही. परंतु आंतरजालाचा अंमल वाढला, एकेका पडद्यावर अधिकाधिक झगझगीत चित्रण ओतण्याची स्पर्धा लागली, आणि एकच दृश्य दोनदा रेखाटण्याचा भार यंत्रांना जड वाटू लागला. २०१५ च्या ‘हेलो ५’मधून दुभंगलेला पडदा समूळ वगळण्यात आला; पुढे तो परत आणण्याचे वचन जाहीर होऊनही, ‘हेलो इन्फिनिट’च्या कथाभागासाठी योजलेली ती सोय २०२२ साली रद्द झाली.

दूरदेशीच्या अनोळखी सोबत्याशी खेळण्यात आनंद आहेच. तथापि शेजारी बसलेल्या बहिणीसाठी पडद्यावर थांबण्यातून जे शिक्षण मिळते, ते त्याने भरून निघत नाही. दुसऱ्या खेळाडूची जागा ही या खेळाची १९६२ पासूनची मिरास आहे, आणि ती खालसा करण्याचा अधिकार कोणत्याही कारखानदाराला नाही.