पडून राहणे आणि मोकळीक

पोटावरची लोंबती कातडी व चरबी काढून, सैलावलेले स्नायू शिवून घट्ट करायच्या शस्त्रक्रियेला आज सर्रास ‘टमी टक’ म्हणतात. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी परततात आणि बरे होण्याचे बरेचसे काम घरातच पार पडते. तिथे ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला कसा समजून घ्यायचा, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. ‘विश्रांती’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी घालतो: अंथरुणाला खिळून राहणे आणि कामातून मोकळीक मिळणे. पोटाच्या शस्त्रक्रियांचा इतिहास पाहिला, तर पहिली गोष्ट वैद्यकाने पुराव्यानिशी मागे टाकली. दुसरी मात्र कोणत्याही डॉक्टरने मोडीत काढलेली नाही. ती आपल्या घरांतून निसटली आहे.

१८९९ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी एका स्त्रीच्या पोटावरचा सुमारे साडेसात किलोंचा चरबीचा पदर कापून काढला. त्याच वर्षी शिकागोचे एमिल रीस यांनी पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवून चालवावे, असे मांडले. तेव्हा दोन-तीन आठवडे निजवून ठेवण्याचा रिवाज होता. टाके उसवतील ही भीती खरी होती, म्हणून रीस यांचे म्हणणे मागे पडले. १९३८ पासून डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउझर यांनी तोच विचार पुन्हा उचलला. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा तो सर्वत्र पसरला. पाय हलले नाहीत की पोटरीच्या खोल शिरांत रक्त साकळते आणि ती गाठ फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकते. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये हा धोका टमी टकनंतर विशेष असतो. म्हणूनच ड्रेनची नळी सांभाळत, पोटपट्टा बांधून, कंबरेत वाकून का होईना, खोलीतल्या खोलीत चार पावले टाकायला सांगतात.

महाराष्ट्रानेही जुनी पद्धत पाहिली आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी कैदेत असलेल्या गांधीजींचे अपेंडिक्स काढले. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली, तरी ते मार्चपर्यंत रुग्णालयातच होते. पुढची विश्रांती त्यांनी जुहूच्या समुद्रकाठी घेतली. घराघरांतली पद्धत याहूनही जुनी. बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने आवळून बांधायचे, शेकशेगडी करायची आणि सव्वा महिना तिला चूल, पाणी, जड उचलणे यांपासून दूर ठेवायचे. बाळंतपण आणि शस्त्रक्रिया एक नव्हेत. पण पोटाला आधार आणि बाईला कामातून सुटका, ही जोडी त्या रिवाजाने नेमकी ओळखली होती.

यावर कोणी म्हणेल, तो रिवाज सुखाचा नव्हता. ते खरेच आहे. सोयराच्या कल्पनेने बाळंतिणीला कोंदट, अंधाऱ्या खोलीत ठेवले जाई, आणि शेतमजूर बाईला सव्वा महिना कुठून मिळणार? तो रिवाज जसाच्या तसा परत आणावा असे कोणीच म्हणणार नाही. त्यातली मोकळीक मात्र राखायला हवी. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही शस्त्रक्रिया हौसेची, मग घराने तिचा भार का सोसावा? पण दोन-तीन बाळंतपणांनी मधोमध फाकलेले स्नायू शिवून घेणाऱ्या बाईच्या पोटावर हौसेखेरीज त्या घराचाही इतिहास असतो. आणि निव्वळ हौस धरली, तरी पाण्याची भरलेली बादली उचलताना शिवलेल्या स्नायूवर पडणारा ताण तेवढाच असतो. साधारण सहा आठवडे जड काही उचलू नये असे सांगतात, ते याचसाठी.

‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना, मग स्वयंपाकाला काय हरकत?’ हा प्रश्न अनेकदा प्रेमानेच विचारला जातो, पण त्यात दोन विश्रांतींची गल्लत झालेली असते. चालणे हा औषधाचा भाग आहे, राबणे नाही. रुग्णालयाने खाट लवकर रिकामी केली, तेव्हा तिथल्या शुश्रूषेचे काम कोणीतरी उचलणार हे गृहीत होते. ते घरातल्या धडधाकट माणसांनी उचलायचे आहे. लवकर उठण्याचा जो शोध रुग्णाच्या जिवासाठी लागला, तो तिला लवकर कामाला जुंपण्याचे निमित्त होऊ नये.