पंधरवड्याच्या बैठकीची कुळकथा

हाताखालच्या माणसांना कामाच्या सूचना देण्यासाठी बोलावलेली बैठक वाया का जाते, याचे उत्तर अकोल्याच्या शेतीखात्याच्या इतिहासात सापडते. दर पंधरवड्याला ठरल्या दिवशी जमायचे, पुढच्या पंधरा दिवसांचे मोजकेच मुद्दे घ्यायचे आणि ते ठरल्या वारी गावात पोचवायचे, ही पद्धत डॅनियल बेनॉर या इस्रायली कृषितज्ज्ञाने तुर्कस्तानातल्या सेहान प्रकल्पात घडवली. जागतिक बँकेच्या पैशाने ती १९७४ पासून भारतात आली आणि ऐंशीच्या दशकात 'प्रशिक्षण व भेट योजना' म्हणून महाराष्ट्रात रुजली. वऱ्हाडात तिला शास्त्रीय आधार होता तो १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा. विद्यापीठातले शास्त्रज्ञ महिन्याला विषयतज्ज्ञांना शिकवणार, ते गावपातळीच्या कर्मचाऱ्यांना, आणि कर्मचारी शेतकऱ्यांच्या आठ गटांना. बी-खत वाटपाची कामे या कर्मचाऱ्यांकडून काढून घेतली होती, आणि मला त्या योजनेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. उतरंडीतून शेतकऱ्याची अडचण वर जाणेही अपेक्षित होते.

योजना महाग ठरली, कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्याला तिचे साचेबद्ध निरोप लागू पडेनात, बँकेचा पैसा आटताच ती ओसरली, असा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पण ठरलेला वार आणि मोजके मुद्दे यांचा त्यात दोष नव्हता. निरोप खाली उतरत राहिला, अडचण वर चढेना. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांनी धाड घातली, तेव्हा २००९ च्या खरिपापासून 'क्रॉपसॅप' हा कीड-सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू करताना हा क्रम उलटा केला गेला: आधी शेतात किडींची मोजणी, ती वर, मग विद्यापीठाचा सल्ला.

आता हे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर होते, बैठक कशाला, असेही विचारले जाते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, तेव्हा 'फरदड घेऊ नका', म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवू नका, हा सल्ला नवा नव्हता. पण ज्याच्या पऱ्हाटीला अजून बोंडे आहेत आणि हाती दुसरे उत्पन्न नाही, त्याने ती उपटावी कशाच्या भरवशावर, हे मोबाइलवरचा निरोप विचारत नाही. एखाद्या दुकानातली वा दवाखान्यातली सकाळची बैठकही मी याच कसोटीवर तपासेन: कालच्या कामात काय अडले, हे साहेबाच्या सूचनांआधी विचारले जाते की सगळे उठायला लागल्यावर?