जगलो नावाचं गणगोत

लॅटिनमध्ये ‘पॉसे’ हे अगदी रोजच्या वापरातलं क्रियापद. अर्थ ‘शकणं’, एखादी गोष्ट करू शकणं. ‘पॉसिबल’मध्ये तेच आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायदेशीर लॅटिनमध्ये ‘पॉसे कोमितातुस’ असा प्रयोग रुळला. त्याचा अर्थ ‘परगण्याचं बळ’. चोर-दरोडेखोरांच्या मागावर निघताना शेरीफ ज्या धडधाकट माणसांना हाक घालून सोबत नेऊ शकत असे, ते सगळे मिळून पॉसे. शब्द अमेरिकेत पोचला, त्याचं शेपूट गळालं आणि उच्चार ‘पॉसी’ झाला. जुन्या वेस्टर्न चित्रपटांत गुन्हेगाराच्या मागे धूळ उडवत दौडणारा घोडेस्वारांचा घोळका दिसतो, तीच ही पॉसी. ते चित्रपट जमैकातल्या किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये तुफान लोकप्रिय झाले आणि तिथल्या टोळ्यांनी पॉसी हे नाव स्वतःलाच लावून घेतलं. पाठलाग करणाऱ्यांचा शब्द, ज्यांचा पाठलाग व्हायचा त्यांनी घेतला. १९८०च्या दशकात हिपहॉपच्या बोलीत तो ‘आपली पोरं’ या अर्थाने स्थिरावला होता.

त्याच दशकाच्या अखेरीस डेट्रॉइटच्या परिसरात जोसेफ ब्रूस आणि जोसेफ अट्स्लर या दोन गोऱ्या, गरीब घरच्या पोरांनी आपल्या कंपूला नाव दिलं ‘इनर सिटी पॉसी’. गल्लीतल्या मारामाऱ्याही त्यात होत्या आणि रॅपही. मारामाऱ्या अंगाशी यायला लागल्या, रॅप तेवढं उरलं, पण ‘आयसीपी’ ही आद्याक्षरं एव्हाना लोकांच्या तोंडी बसली होती. ती टिकवायची म्हणून नवं नाव शोधलं गेलं: ‘इन्सेन क्लाउन पॉसी’. ब्रूस झाला ‘व्हायलंट जे’ आणि अट्स्लर ‘शॅगी टू डोप’. तोंडाला काळा-पांढरा रंग फासून ते विदूषकाच्या सोंगात रंगमंचावर येऊ लागले. १९९२मध्ये ‘कार्निव्हल ऑफ कार्नेज’ हा त्यांचा पहिला अल्बम निघाला.

‘क्लाउन’ या शब्दापाशी जरा थांबावंसं वाटतं. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात दिसायला लागतो, तेव्हा त्याचा पहिला अर्थ अडाणी खेडूत, गावंढळ असा होता. त्याआधीचा मूळ अर्थ मातीचं ढेकूळ किंवा गोळा असावा, असं कोशकार मानतात. नागर प्रेक्षक रंगमंचावरच्या खेडवळाला हसले आणि हसवणारा प्रत्येक जण क्लाउन झाला. आपला ‘विदूषक’ दुसऱ्या वाटेने आला. त्यात ‘दूष्’ धातू आहे, म्हणजे विदूषक हा दूषणं देणारा, वाभाडे काढणारा. या दोघा डेट्रॉइटकरांना दोन्ही अर्थ चपखल बसतात. श्रीमंत उपनगरांनी ज्यांना ढेकळासारखं झिडकारलं त्यांच्यातले ते होते, आणि गाण्यांतून त्यांनी दूषणं दिली ती वर्णद्वेष्ट्यांना, बायकामुलांवर हात उचलणाऱ्यांना. ही गाणी सोज्वळ मुळीच नाहीत. शिव्या आणि रक्त यांचा चिखल त्यांत आहे, आणि बायकांबद्दलची त्यांतली भाषा मला अनेकदा असह्य होते. समीक्षकांनीही त्यांना कधी जवळ केलं नाही. ‘ब्लेंडर’ मासिकाने २००३मध्ये सर्वांत वाईट कलाकारांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक यांना दिला. तरीही या गटाच्या गोतावळ्यातून आलेला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो, आणि हा लेख खरं तर त्याच्यासाठी आहे.

पहिल्या अल्बममध्ये ‘द जगला’ नावाचं गाणं होतं. ‘जगला’ म्हणजे ‘जग्लर’, हातचलाखीने चेंडू झेलणारा, त्याचा डेट्रॉइटच्या गल्लीतला उच्चार. १९९४च्या एका कार्यक्रमात हे गाणं चालू असताना ब्रूसने समोरच्या गर्दीला ‘जगलो’ म्हणून साद घातली. आधी ठरवलेलं काही नव्हतं. गाण्याच्या ओघात शब्दाला ‘ओ’ लागला, एवढंच. पण गर्दीने जो प्रतिसाद दिला, त्यातून शब्द पक्का झाला. पुढे दोघे स्वतःला, मित्रांना, घरच्यांना आणि चाहत्यांना जगलोच म्हणू लागले. मुलींसाठी फ्रेंच वळणाचा ‘जगलेट’ तयार झाला.

जग्लरचं कूळ थेट लॅटिन ‘योकुलातोर’पर्यंत जातं. योकुलातोर म्हणजे थट्टा-मस्करी करणारा, आणि त्याच्या मुळाशी ‘योकुस’, म्हणजे विनोद. फ्रान्समध्ये त्याचा ‘जोंग्लर’ झाला. गाणी म्हणत, कसरती करत गावोगाव फिरणारा कलावंत. त्याच ‘योकुस’मधून इंग्रजीचा ‘जोक’ आला आणि ‘जोकर’ही. आयसीपीने आपल्या मुख्य अल्बमच्या मालिकेला ‘जोकर्स कार्ड्स’ म्हटलं. एकेक अल्बम म्हणजे जोकरचं एकेक पान. शब्दांच्या वंशावळीत जगलो आणि जोकर चुलतभाऊ निघतात, आणि हे नातं कुणी जुळवून आणलेलं नाही.

‘ज’ तेवढा ‘जागा’मधल्यासारखा दंततालव्य उच्चारला, की इंग्रजीतला हा शब्द मराठी कानाला चक्क ‘जगलो’ असा ऐकू येतो. तगलो, निभावलो. याला व्युत्पत्ती म्हणायचं नाही. निव्वळ ध्वनिसाम्यावरून नाती जोडण्याचा मोह शब्दचर्चेला घातक असतो. पण ज्यांचं घर मोडलं, शाळा सुटली, ज्यांना कुठल्याच कंपूत जागा नव्हती अशी कितीतरी माणसं या गर्दीत आहेत, आणि ती स्वतःबद्दल सांगतात तेही जवळपास हेच असतं. म्हणून हा योगायोग मला डोक्यातून काढता येत नाही.

एकमेकांना ते ‘फॅमिली’ म्हणतात. २०००पासून ‘गॅदरिंग ऑफ द जगलोज’ ही त्यांची वार्षिक जत्रा भरते. तिथे अनोळखी माणूसही ‘हूप हूप’ अशी आरोळी ठोकतो, समोरून तशीच आरोळी येते, आणि ओळख झाली. लॅटिन ‘फामिलिया’चा मूळ अर्थ मात्र इतका प्रेमळ नाही. एका घरधन्याच्या ताब्यातले सगळे नोकर-गुलाम म्हणजे फामिलिया. रक्ताचं नातं त्यात पुढे आलं. मराठीतही ‘फॅमिली’ने वेगळाच रस्ता धरला. ‘आमची फॅमिली गावाला गेलीय’ असं जुनी माणसं म्हणतात तेव्हा ती बायकोबद्दल बोलत असतात. जगलोंच्या ‘फॅमिली’ला मी ‘गणगोत’ म्हणेन. आडवं-तिडवं पसरलेलं, कुणाचा कोण हे न विचारता मानलेलं.

या गणगोताचं तीर्थ म्हणजे ‘फेगो’ नावाचा स्वस्त सोडा. डेट्रॉइटमध्ये १९०७ साली रशियातून आलेल्या फायगेन्सन बंधूंनी तो काढला. मूळचे ते पाववाले. केकवरच्या साखरेच्या लेपाचे स्वाद त्यांनी सोड्यात उतरवले. आडनाव बाटलीच्या चिठ्ठीवर मावेना, म्हणून तोडून ‘फेगो’ केलं. आयसीपीच्या सुरुवातीच्या एका कार्यक्रमात समोरचे काही जण हातवारे करून त्यांचा अपमान करत होते, तेव्हा ब्रूसने उघडी बाटली त्यांच्यावर भिरकावली. गर्दी खूश झाली. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात या सोड्याच्या बाटल्या फोडून प्रेक्षकांना चिंब भिजवतात. भिजलेला, चिकट झालेला माणूस घरी जातो तो धन्य होऊन.

आता हाडवैराकडे. ‘रायव्हल’ हा शब्द लॅटिन ‘रीवालिस’वरून आला, आणि ‘रीवुस’ म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रीवालिस. पाटाच्या पाण्याची पाळी आणि त्यावरून निघालेल्या काठ्या-कुऱ्हाडी ज्याने पाहिल्यात त्याला या अर्थाचा प्रवास समजावून सांगायला नको. वैर लांबच्याशी होत नाही, त्याच ओढ्यावरच्या शेजाऱ्याशी होतं.

डेट्रॉइटच्या ओढ्यावर १९९७मध्ये दुसरा एक गोरा रॅपर उतरला होता. एमिनेम. त्याच्या ‘स्लिम शेडी ईपी’च्या प्रकाशनाची मेजवानी होती आणि त्याने पत्रकं छापली. त्यांवर येणाऱ्या कलाकारांची नावं होती, आयसीपीचंही होतं आणि त्यापुढे कंसात ‘कदाचित’. ते पत्रक त्याने ब्रूसच्याच हाती दिलं. मला न विचारता माझं नाव कसं छापलंस, आधी विचारलं असतंस तर आलोही असतो, असं ब्रूसने सुनावलं. एमिनेमला ते लागलं. त्या एका कंसातल्या शब्दापायी वर्षानुवर्षं दोन्हीकडून गाणी निघाली. हिपहॉपमध्ये याला ‘डिस’ म्हणतात. ‘डिस्‌रिस्पेक्ट’मधला नुसता उपसर्ग सुटा झाला आणि स्वतःच्या बळावर क्रियापद बनला. २००५च्या सुमारास एमिनेमच्या डी-ट्वेल्व्ह गटातल्या प्रूफने पुढाकार घेतला, दोन्हीकडची मंडळी बोलिंग खेळायला एकत्र आली आणि भांडण मिटलं.

आयसीपीचं १९९७ हे वर्षच वादळी होतं. ‘द ग्रेट मिलेन्को’ हा अल्बम डिस्नीच्या मालकीच्या हॉलीवूड रेकॉर्ड्सने २५ जूनला बाजारात आणला आणि काही तासांतच परत मागवला. आयलंड रेकॉर्ड्सने तो उचलला. बंदीने जे होतं तेच झालं. ज्यांनी आयसीपीचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी तो शोधून घेतला.

एमिनेमशी झालेल्या वैरातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट भाषेतली आहे. एमिनेमने २०००मध्ये ‘स्टॅन’ हे गाणं केलं. त्यातला स्टॅन नावाचा चाहता आपल्या लाडक्या रॅपरला पत्रांवर पत्रं लिहितो, उत्तर येत नाही, आणि शेवटी तो स्वतःचा व दुसऱ्यांचा सर्वनाश करतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नास या रॅपरने जे-झी या रॅपरवर केलेल्या ‘ईथर’ या गाण्यात ‘स्टॅन’ हा शब्द शिवी म्हणून वापरला, आणि विशेषनामाचं सामान्यनाम झालं. २०१९मध्ये ‘मेरियम-वेब्स्टर’ कोशाने त्याला जागा दिली. आज तो क्रियापदही आहे आणि त्यातला डंखही बोथट झालाय. ‘स्टॉकर’ आणि ‘फॅन’ यांच्या जोडणीतून तो झाला असं सांगतात, पण ती मागाहून रचलेली कथा आहे.

म्हणजे एका शहरात, सहा-सात वर्षांच्या अंतराने, एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन घरांतून ‘चाहता’ या अर्थाचे दोन शब्द इंग्रजीला मिळाले. आणि दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर. स्टॅन हा एकटा, खोलीत कोंडून घेतलेला. कलाकाराने लिहिलेला आणि वाचणाऱ्याला धडकी भरवणारा. कुणी हौसेने ते नाव घ्यावं म्हणून ते जन्मलंच नव्हतं. जगलोला अनेकवचनच शोभतं. कलाकाराच्या तोंडून तो निघाला खरा, पण गर्दीने उचलला म्हणून शब्द झाला, नाहीतर त्या रात्रीच विरला असता. चाहत्यांना वेडगळ म्हणायची परंपरा मात्र जुनी आहे. ‘फॅन’ हा ‘फॅनॅटिक’चा तुकडा असं बहुतेक कोशकार मानतात, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘फानुम’, म्हणजे देऊळ. देवळात वारं अंगात आलेला तो फानातिकुस. आपल्याकडे पोरं गमतीने ‘मी तुझा पंखा’ म्हणतात, तो वाऱ्याचा ‘फॅन’ वेगळ्या घरचा. तो ‘वान्नुस’वरून आला, म्हणजे धान्य उफणायचं सूप.

२०११मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने टोळ्यांविषयीच्या अहवालात जगलोंना ‘विस्कळीत स्वरूपाची संकरित गँग’ म्हटलं. काही गुन्हेगार त्या गर्दीत होते, हे खरं. पण लाखो रेकॉर्ड विकत घेणाऱ्या अख्ख्या समुदायाला त्यावरून एक शब्द चिकटवला गेला. जुन्या इंग्रजीत ‘गँग’ म्हणजे नुसतं ‘चालणं’. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘जंघा’शी जोडतात. आपली ‘जांघ’ ती हीच. त्यावरून बरोबर चालणारे, मग बरोबर काम करणारे, आणि बऱ्याच नंतर बरोबर गुन्हे करणारे. मराठीत हे सगळे अर्थ आजही शेजारी-शेजारी नांदतात. रुळांची देखभाल करणारा रेल्वेचा गँगमन आहे आणि मुंबईच्या अंडरवर्ल्डची गँगही आहे. ‘टोळी’चंही तेच. ऊसतोडीची टोळी मुकादम घेऊन कारखान्यावर येते, आणि दरोडेखोरांची टोळी पकडली जाते. कुठली टोळी, हे वाक्य ठरवतं. एफबीआयच्या वाक्यात एकच अर्थ होता.

जगलोंचं चिन्ह ‘हॅचेटमॅन’, हातात कुऱ्हाड घेऊन धावणारी आकृती. कुणाच्या दंडावर ती गोंदलेली, कुणाच्या गाडीवर रंगवलेली. अहवालानंतर एका ट्रकचालकाला वजनकाट्यापाशी थांबवून त्याच्या ट्रकवरच्या त्या आकृतीवरून चौकशी झाली. सैन्यात जायची इच्छा असलेल्या एकाने पदरचे पैसे घालून अंगावरचं गोंदण झाकून घेतलं, तरी त्याला नकार मिळाला. असे काही जण आणि आयसीपी यांनी मिशिगनमधल्या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने २०१४मध्ये सरकारवर खटला भरला. १६ सप्टेंबर २०१७ला जगलो वॉशिंग्टनला जमले. लिंकन स्मारकापाशी रंगवलेल्या तोंडांची सभा झाली आणि मग सगळे मिळून चालत निघाले. ‘गँग’ या शब्दाच्या सर्वांत जुन्या अर्थाने ते त्या दिवशी खरोखर गँग होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. एफबीआयच्या अहवालाने स्थानिक पोलिसांवर कुठलंही बंधन घातलेलं नाही, त्या वर्णनातून थेट कायदेशीर परिणाम होत नाहीत, पोलीस काय करतात ते त्यांचं ते ठरवतात, असं त्याचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद उभा राहतही असेल. मला तो पटत नाही. सरकारी अहवालात छापलेला शब्द वजनकाट्यावरचा शिपाईही वाचतो आणि सैन्यभरतीचा अधिकारीही वाचतो. झाकलेलं गोंदण दाखवून त्या माणसाला विचारा, ‘गँग’ या शब्दाला किती वजन आहे ते. आणि जत्रा अजून भरते, तिथे गेट ओलांडताच कुणीतरी ‘हूप हूप’ म्हणतं, तेव्हा ‘जगलो’चा अर्थ ठरवायला कुणी अहवाल उघडत नाही.