यादी रिकामी असेल तर प्रोग्राम ‘धोका नाही’ का म्हणतो?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे लागलेलं असतं. तिथे पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

समजा, एखादं वेब अ‍ॅप्लिकेशन गेल्या काही तासांच्या नोंदी तपासून धोका आहे की नाही ते सांगतं. ऐन पुरात नेटवर्क तुटलं आणि एकही नोंद आली नाही, तर? कोडमध्ये खबरदारी घेतली नसेल, तर पडद्यावर ‘धोका नाही’ असं दिसू शकतं.

स्ट्रीम म्हणजे काय?

मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मध्ये स्ट्रीमची सोय मिळाली. यात ‘फिल्टर’ने नको त्या नोंदी गाळायच्या, ‘मॅप’ने उरलेल्यांचं रूप बदलायचं आणि शेवटी एक उत्तर काढायचं. यादी रिकामी असली तरी ही साखळी अडत नाही.

रिकाम्या यादीवर काय उत्तर मिळतं?

• बेरीज: शून्य.
• ‘ऑलमॅच’, म्हणजे सगळ्या नोंदी ४३ फुटांखाली आहेत का? उत्तर ‘हो’. कारण अट मोडणारी एकही नोंद सापडत नाही.
• ‘एनीमॅच’, म्हणजे एखादी नोंद ४३ फुटांवर आहे का? उत्तर ‘नाही’.
• कमाल आणि सरासरी: थेट आकडा मिळत नाही, रिकामा ‘ऑप्शनल’ मिळतो. त्यातून जबरदस्तीने आकडा काढला, तर प्रोग्राम एरर देतो.

जावास्क्रिप्टमधलं ‘एव्हरी’सुद्धा रिकाम्या यादीवर ‘हो’ म्हणतं. सुरुवातीची किंमत न देता ‘रिड्यूस’ वापरलं, तर मात्र एरर येते.

मग काय करायचं?

एरर टाळण्यासाठी ऑप्शनलच्या जागी शून्य भरणं सोपं वाटतं. पण मग नदीची पातळी शून्य फूट दिसेल. बिलाच्या बेरजेत शून्य चालतं, पातळीत चालत नाही.

म्हणून निष्कर्ष काढण्याआधी यादी रिकामी आहे का, हे तपासावं. तशी असेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असा संदेश आणि शेवटच्या नोंदीची वेळ दाखवावी. यादी देणाऱ्या फंक्शननेही ‘नल’ऐवजी रिकामी यादीच परत करावी, कारण नलवर स्ट्रीम सुरू करताच प्रोग्राम कोसळतो.

प्रोग्रामच्या दृष्टीने ‘धोका सापडला नाही’ आणि ‘काहीच तपासलं नाही’ ही दोन्ही उत्तरं सारखीच असतात. त्यातला फरक दाखवणं हे कोड लिहिणाऱ्याचं काम आहे.