धूळ गिळणारा गाडा

घरोघर फिरून धंदा करणाऱ्या माणसाला आपल्या हत्याराइतकाच तें वाहून नेण्याच्या साधनाचाही विचार करावा लागतो. कल्हईवाला आपला भाता घेऊन दारोदार हिंडत असे, पिंजारी आपली धनुकली खांद्यावर टाकून येत असे, पखालजी आपली पखाल हाल्याच्या पाठीवर लादीत असे. ह्यांचें सामान माणसाला किंवा एका जनावराला सहज पेलण्याजोगें होतें. म्हणून त्यांना गाड्याची विवंचना कधीं पडली नाहीं. परंतु हत्यारच जर मणांच्या हिशेबानें मोजण्यासारखें असेल, तर तें गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत न्यावयाचें कशावर, चालवावयाचें कोणत्या शक्तीनें, आणि तेथें नेल्यावर उभें करावयाचें कोठें, ह्या तीन प्रश्नांवर धंद्याचें यशापयश अवलंबून राहतें. १९०१ सालीं लंडन शहरांत एका एंजिनियराला हे तिन्ही प्रश्न एकदम सोडवावे लागले. त्याचें नांव ह्यूबर्ट सेसिल बूथ. आणि त्याचा धंदा होता लोकांच्या घरांतील धूळ काढून नेण्याचा.

त्या काळच्या लंडनमधील सुखवस्तु घराचें चित्र डोळ्यांपुढें आणिलें, म्हणजे ह्या धंद्याची निकड ध्यानांत येते. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचे, खिडक्यांना मखमली पडदे, गुबगुबीत खुर्च्या, आणि प्रत्येक खोलीच्या शेगडींत जळणारा दगडी कोळसा. आपल्याकडील सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवरून केरसुणी फिरविली कीं केर दाराबाहेर जातो. परंतु गालिच्याच्या लवेंत शिरलेली धूळ केरसुणीनें निघत नाहीं, ती फक्त उडते, आणि घटकाभरानें पुन्हां खालीं बसते. वर्षांतून एकदां गालिचे उचलून अंगणांत दोरीवर टाकावयाचे व मोलकरणींनीं ते वेताच्या काठ्यांनीं बडवावयाचे, हाच खरा उपाय होता. त्यांतच १८८२ मध्यें रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें क्षयाचे जंतु शोधून काढल्यापासून घरांतील धुळीकडे पाहण्याची लोकांची दृष्टि पालटली होती. पूर्वीं धूळ म्हणजे गलथानपणाची खूण होती. आतां ती भीतीची वस्तु झाली.

बूथचा जन्म १८७१ सालीं ग्लॉस्टर येथें झाला. घरकामाशीं त्याचा संबंध असा नव्हताच. तो पूल आणि लोखंडी सांगाडे यांच्या रचनेंत वाकबगार होता. व्हिएन्ना शहरांत १८९७ सालीं उभारलेला आणि आजही फिरत असलेला जो प्रचंड पाळणा आहे, त्याच्या रचनेंतही बूथचा हात होता. अशा माणसाचें लक्ष धुळीकडे गेलें तें एका प्रयोगामुळें. १९०१ सालीं लंडनच्या एम्पायर नाटकगृहांत एका अमेरिकन यंत्राचें प्रात्यक्षिक झालें. तें यंत्र दाबलेली हवा जोरानें गालिच्यावर फुंकी आणि उडालेली धूळ एका पेटींत जाऊन पडावी अशी अपेक्षा करी. थोडी धूळ पेटींत जाई. बरीचशी प्रेक्षकांच्या अंगावर येई. फुंकण्याऐवजीं ही धूळ ओढून कां घेत नाहीं, असें बूथनें यंत्राच्या मालकास विचारलें. ओढून घेणें अशक्य आहे, पुष्कळांनीं करून पाहिलें आहे, असें चिडून सांगून तो गृहस्थ निघून गेला.

चुलीपुढें बसणाऱ्या कोणाही स्त्रीला फुंकणीचा गुण ठाऊक असतो: फुंकर घातली कीं राख डोळ्यांत जाते. बूथच्या विचाराचा सारा गाभा एवढाच होता. कांहीं दिवसांनीं व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहांत त्यानें खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून जोरानें हवा आंत ओढली. त्याला मोठा ठसका लागला, पण त्याची खात्री पटली. पुढें १९३५ सालीं त्यानें स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. धूळ ओढतां येते हें तर सिद्ध झालें. आतां ती अडवावयाची कशी, हा खरा प्रश्न होता. हवा जाऊं द्यावयाची पण धूळ जाऊं द्यावयाची नाहीं, यासाठीं त्यानें कापडाची गाळणी योजिली, तिच्यामागें हवा ओढणारा पंप लाविला, आणि ऑगस्ट १९०१ मध्यें ह्या रचनेचें पेटंट मागितलें.

येथून गाड्याचा प्रश्न सुरू होतो. पंप जड, त्याला चालविणारें पेट्रोलचें एंजिन जड, आणि बहुतेक घरांत विजेचा पत्ता नाहीं. अशा वेळीं दोन मार्ग होते. मोठ्या इमारतीच्या तळघरांत यंत्र कायमचें बसवावें व भिंतींतून नळ खेळवावेत, हा एक. अमेरिकेंत डेव्हिड केनी यानें तो पत्करला. दुसरा मार्ग यंत्रच घरोघर नेण्याचा. हा विचार अगदीं नवा नव्हता. सेंट लुई शहरांतील जॉन थर्मन यानें १८९९ मध्यें हवा फुंकणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें व तें घोडागाडीवर घालून तो गिऱ्हाइकांच्या दारीं नेत असे. बूथनें दुसरा मार्ग पत्करला. १९०२ मध्यें कंपनी उभी राहिली, आणि तिनें यंत्र विकण्याऐवजीं सफाई विकावयाची असें ठरविलें.

गाडा चारचाकी होता, आणि त्याला यांत्रिक दृष्टीनें सबळ कारण आहे. दोनचाकी गाडीच्या ओझ्याचा कांहीं भाग घोड्याच्या पाठीवर येतो. घोडा सोडला कीं तिला टेकू द्यावा लागतो. ज्या गाडीवर तासन् तास एंजिन धडधडत राहावयाचें, ती घोड्याच्या आधाराशिवाय स्वतःच्या पायांवर स्थिर उभी राहिली पाहिजे. गाड्याला भडक तांबडा रंग दिलेला होता, त्यामुळें तो दुरूनही ओळखूं येई व आपोआप जाहिरात होई. घरापुढें गाडा थांबला कीं गणवेशांतील माणसें लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आंत नेत. यंत्र, त्याचा धूर आणि त्याचा आवाज रस्त्यावरच राही. घरांत शिरे ती फक्त नळी. धूळही घरांत कोठें न सांडतां सरळ बाहेरच्या गाड्यांत जाऊन पडे. पाहणारांची खात्री पटावी म्हणून नळीचा कांहीं भाग पारदर्शक ठेवण्यांत आला. त्यांतून धुळीचा काळा ओघ वाहतांना पाहण्यासाठीं श्रीमंत स्त्रिया मैत्रिणींना चहाला बोलावूं लागल्या! आपल्या घरची धूळ पाहुण्यांना कौतुकानें दाखविण्याचा हा प्रसंग इतिहासांत बहुधा पहिलाच असावा.

परंतु घरांतला त्रास रस्त्यावर आणून ठेविला, म्हणजे तो नाहींसा होतो असें नाहीं. एंजिनाच्या धडधडीनें भाड्याच्या गाड्यांचे घोडे बुजत; मालक नुकसानभरपाईसाठीं कंपनीवर दावे लावीत. सार्वजनिक रस्त्यावर असें यंत्र उभें करण्याचा अधिकारच नाहीं, असें पोलिसांचें म्हणणें पडलें. रस्ता हा जाण्यायेण्यासाठीं आहे, धंदा मांडण्यासाठीं नाहीं, ह्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें कोण म्हणेल? उलट, ज्या यंत्रानें घरांतील माणसाचें आरोग्य राखावयाचें तें उभें राहणार तरी कोठें? फिरत्या धंद्याला हा झगडा चुकत नाहीं.

कंपनीचें नांव झालें तें राजाश्रयानें. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ऑगस्ट १९०२ मध्यें झाला. त्यापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें सिंहासनाखालचा गालिचा अंथरून झाला होता आणि तो मळलेला दिसला. उचलून बडविण्यास वेळ उरला नव्हता. बूथचें यंत्र आणून तो जागच्या जागीं साफ करण्यांत आला. राजा-राणींनीं प्रात्यक्षिक पाहून आपल्या राजवाड्यांसाठीं यंत्रें मागविलीं. सरकारी टांकसाळेची गोष्ट तर गमतीची आहे. तेथील सफाई उरकून माणसें गाडा घेऊन निघालीं, तों पोलिसांनीं त्यांना अडविलें. कारण यंत्राच्या पोटांत केरकचऱ्याबरोबर पुष्कळशी चांदीची धूळही जमा झाली होती!

ह्या गमतींहून गंभीर प्रसंग पहिल्या महायुद्धांत आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस ह्या अवाढव्य कांचमहालांत आरमारी शिपायांची छावणी होती, आणि तेथें मेंदूच्या तापाची सांथ पसरली. वरच्या लोखंडी तुळयांवर व लांकडी जमिनीच्या फटींत वर्षानुवर्षांची धूळ सांचली होती. बूथचीं पंधरा यंत्रें तेथें नेण्यांत आलीं व त्यांनीं छब्बीस टन धूळ बाहेर काढिली. आज तो आंकडा चमत्कारिक वाटतो; परंतु केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील मौज म्हणून ज्याची थट्टा झाली, तें यंत्र सामान्य शिपायाच्या उपयोगीं पडलें, हें त्या आंकड्यापेक्षां अधिक लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

गाड्याचें युग संपविलें तें विजेनें. घरोघर तारा पोहोंचूं लागल्यावर शक्ति बाहेरून आणण्याची गरज उरली नाहीं. १९०६ च्या सुमारास बूथच्याच कंपनीनें लहानशा ढकलगाडीवरील विजेचें यंत्र काढलें. तरी तें चांगलें जड व महाग होतें. निर्णायक पाऊल अमेरिकेंत पडलें. ओहायो संस्थानांत कँटन येथें एका दुकानांत झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यानें एका माणसाला ढकलतां येईल असें यंत्र बनवून १९०८ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. भांडवल नसल्यामुळें त्यानें आपले हक्क विल्यम हूवर यास विकले. हूवरचा मूळ धंदा चामड्याच्या सामानाचा, त्यांत घोड्यांच्या साजाचाही. मोटारी आल्या आणि घोड्याच्या साजाला गिऱ्हाईक कमी होऊं लागलें. अशा रीतीनें, ज्या यंत्राला प्रथम घोड्यानें ओढलें, तें घोड्याचा साज शिवणाऱ्यानें घरांतल्या कोपऱ्यांत नेऊन ठेविलें. बूथची कंपनी मोठ्या कारखान्यांच्या कामाकडे वळली; बूथ स्वतः १९५५ सालीं वारला.

तरीही फिरता गाडा नाहींसा झाला नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत आज घरें, अंगणें व मोटारी धुणारे लहान धंदेवाले पाण्याची टांकी, पंप व नळीचें रहाट मोटारीमागें जोडलेल्या गाड्यावर घेऊन फिरतात, आणि तो गाडा निवडतांना त्यांना जुनेच प्रश्न पडतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हजार लिटरची टांकी भरली कीं एक टन झाला. ब्रिटनमध्यें स्वतःचे ब्रेक नसलेल्या जोडगाड्याला सामानासकट साडेसातशें किलोंपलीकडे परवानगी नाहीं, म्हणजे ही टांकी तेथें नुसत्या पाण्यानेंच मर्यादा ओलांडते. शिवाय अर्धी भरलेली टांकी पुरी भरलेलीपेक्षां अधिक धोक्याची, कारण वळणावर आंतलें पाणी हेलकावतें. म्हणून टांकींत आडव्या पट्ट्या बसवितात व ती आंसाच्या जवळ, किंचित् पुढें, ठेवितात. भार आंसाच्या मागें गेला तर गाडा वेगांत शेपटीसारखा झोके घेऊं लागतो व ओढणाऱ्या मोटारीलाही रस्त्याबाहेर नेतो.

बूथच्या कल्पनेची थोरवी पंपांत आहे असें सामान्यतः सांगतात. पंप तर त्याच्या आधींही होते. काय घरांत न्यावें आणि काय रस्त्यावर ठेवावें ह्याचा अचूक निवाडा त्यानें केला, आणि त्या काळच्या रस्त्यावर घोडे आहेत, पोलिस आहेत, इतरांचाही हक्क आहे, ह्याचा अनुभव त्याला पदोपदीं घ्यावा लागला. यंत्र दारापर्यंत पोहोंचविणारा गाडा निवडणें हें कमी दर्जाचें काम मानण्याची प्रथा आहे. परंतु पेटंटाच्या कागदावर असलेलें यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीखालीं उभें असलेलें यंत्र, ह्यांमधलें अंतर त्या तांबड्या गाड्याच्या चार चाकांनींच तोडलें.