लज्जा, भूल आणि सही

मुंबईच्या कामा इस्पितळाची कोनशिला 22 नोव्हेंबर 1883 रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते बसली. परंतु त्या समारंभाच्या आधी सरकारशी जी वाटाघाट झाली ती समारंभाहून कितीतरी अधिक मननीय आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपये देऊ केले ते बिनशर्त नव्हे. इस्पितळ स्त्रिया व मुले यांच्यापुरते असावे, त्याची मुखत्यारी स्त्री-डॉक्टरांकडेच राहावी आणि नित्याच्या खर्चाचा बोजा सरकारने उचलावा, अशा अटी घालूनच हा दानधर्म झाला, आणि पुष्कळ घासाघीस करून सरकारने त्या कबूल केल्या. सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाचे मुंबईत स्थायिक झालेले अमेरिकन व्यापारी यांनी निधी जमवून विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणण्याची तजवीज तत्पूर्वीच केली होती. त्यानुसार एडिथ पीची या त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत दाखल झाल्या. एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या ज्या मोजक्या स्त्रियांवर 1870 मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी दंगा करून चिखल उडवला, त्यांपैकी त्या एक होत. स्त्रीच्या लज्जेला सरकारदरबारी, दगडी इमारतीच्या आणि मासिक वेतनाच्या रूपाने, मान्यता मिळण्याचा आपल्या प्रांतातील हा पहिला मोठा प्रसंग म्हटला पाहिजे.

योगायोग असा की त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या 24 तारखेस, बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी वैद्यक शिकण्याकरिता अमेरिकेस जाण्याचे आपले प्रयोजन भरसभेत विशद केले होते. या देशातील स्त्रिया आपले दुखणे परपुरुषापुढे उघड करीत नाहीत, आणि म्हणून हिंदू स्त्री-डॉक्टरांची येथे निकड आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. स्वतःचे पहिले मूल काही दिवसांतच गमावलेली, अठरा वर्षेही पुरी न झालेली मुलगी हे सांगत होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे तो केवळ युक्तिवाद नव्हता हे कळते. हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्याकरिता दोन वर्षांनी स्थापन झालेल्या डफरिन निधीनेही हेच कारण पुढे केले. मात्र निधीच्या प्रचारात हिंदुस्थानातील सरसकट सर्व स्त्रिया जनानखान्यात कोंडलेल्या असल्याचे जे चित्र रंगवले गेले, त्याबद्दल थोडी सावधगिरी बाळगलेली बरी. महाराष्ट्रात गोषा होता तो संस्थानिकांच्या, सरदारांच्या आणि काही मुसलमान घराण्यांत. शेतात खुरपणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या बाईस तो परवडणाराच नव्हता. तिला लाज नव्हती असे मात्र नव्हे. फरक इतकाच की तिच्या लाजेकरिता देणग्या मागितल्या जात नव्हत्या.

लज्जेच्या रक्षणाची ही चिंता जुनीच आहे. परंतु ज्या बाईची लज्जा राखावयाची तिला काय होणार हे सांगण्याची चिंता तितकी जुनी आढळत नाही. सुश्रुतसंहितेत मूढगर्भ काढण्याच्या कर्मास सर्वांत कष्टप्रद म्हटले आहे, कारण ते न पाहता केवळ स्पर्शाच्या आधारे करावे लागते. आणि म्हणूनच वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घेऊन मगच हात घालावा असे सांगितले आहे. अनुज्ञा घ्यावी हा विचार त्या काळाच्या मानाने उदात्तच. पण ती घ्यावयाची कोणाची, हा प्रश्न ज्या ठिकाणी सोडवला गेला त्याच ठिकाणी पुढे कित्येक शतके राहिला. पाश्चात्त्य देशांतही निराळे काही नव्हते. इंग्लंडात रुग्णेस डाव्या कुशीवर निजवून तपासण्याचा आणि बाळंतपण करण्याचा जो प्रघात पडला, त्याचा एक लाभ असा की डॉक्टरची आणि तिची नजरानजर होत नसे.

स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला त्या मॅरियन सिम्सने अमेरिकेतील मॉन्टगोमेरी गावी 1845 ते 1849 या काळात, बाळंतपणात अंग फाटून मूत्र सतत पाझरण्याच्या व्याधीवर ज्या शस्त्रक्रिया केल्या, त्या अनार्का, लूसी आणि बेट्सी अशी नावे नोंदल्या गेलेल्या व इतर गुलाम स्त्रियांवर केल्या. परवानगी मालकांची होती. भूल दिली नव्हती. आणि गावचे डॉक्टर भोवती उभे राहून पाहत होते. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्र चालले. पुढे अपयशाला कंटाळून ते प्रेक्षक येईनासे झाले तेव्हा सिम्सने याच स्त्रियांना हाताशी धरून एकमेकींच्या शस्त्रक्रियेत मदतनीस केले. त्या खोलीत पुढे काय घडणार याची खरी जाण कोणाला असेल तर ती त्यांनाच. आणि ज्यांना नकार देण्याचा अधिकारच नाही त्यांच्या पदरी एवढे ज्ञान यावे, यासारखी विटंबना वैद्यकाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

अपवाद आहे, आणि तो सिम्सच्याही आधीचा आहे. 1809 च्या डिसेंबरात केंटकीमधील जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीस इफ्रेम मॅकडॉवेल या सर्जनाने स्पष्ट सांगितले की तुझ्या पोटात गर्भ नसून गाठ आहे, ती कापून काढण्याचा प्रयोग अद्याप कोणी यशस्वी केलेला नाही, आणि त्यात प्राणाची शाश्वती नाही. हे सर्व ऐकून घेऊन ती बाई साठ मैल घोड्यावरून त्याच्या गावी आली, शुद्धीत राहून स्तोत्रे म्हणत टेबलावर निजली, साडेबावीस पौंडांची गाठ काढून झाल्यावर पाचव्या दिवशी आपले अंथरूण आपण आवरताना डॉक्टरला आढळली, आणि पुढे 1842 पर्यंत जगली.

भूल देण्याची विद्या 1846-47 नंतर सर्वत्र पसरली, आणि तिने वेदना हरण केली हे निर्विवाद आहे. स्त्री-रुग्णांच्या बाबतीत हेही काम लवकरच स्त्रियांच्या हाती आले. हैदराबादच्या वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी 1889 पासून क्लोरोफॉर्म देत असत. परंतु वेदनेबरोबर आणखी एक गोष्ट हरपली, तिची मोजदाद कोणी केली नाही. शुद्धीत असलेल्या बाईस निदान ओरडता तरी येत होते. भुलीखाली गेलेली बाई स्वतःच्या शस्त्रक्रियेस गैरहजर राहू लागली. तिच्या माघारी कोण आत आले, कोणी तिला पाहिले, जे ठरले होते तेवढेच झाले की अधिक, याचा दाखला फक्त इतरांपाशी राहिला. स्त्री-डॉक्टर असल्याने लज्जेचा मोठा भाग सुरक्षित झाला खरा. पण सांगणे हे निराळे काम आहे, आणि ते डॉक्टर स्त्री असल्याने आपोआप होत नाही.

आपल्याकडील बाईची लाज केवळ वस्त्राशी निगडित नाही, ही गोष्ट इस्पितळांच्या नियमावल्यांत क्वचितच उतरली. शस्त्रक्रियेपूर्वी मंगळसूत्र काढा, बांगड्या काढा, कुंकू पुसा, असे परिचारिकेने सांगितले म्हणजे जी बाई अंगावरच्या पातळाऐवजी पाठीशी उघडा झगा घालावयास निमूटपणे तयार झालेली असते तीच रडू लागते. कारण सवाष्णीचा मोकळा गळा आणि ओके हात यांचा अर्थ तिच्या मनात एकच आहे. घट्ट झालेल्या काचेच्या बांगड्या वाढवाव्या लागणार हे घरीच कळले असते तर तिने त्या कासाराकडून आधी उतरवून घेतल्या असत्या. अंग बाहेर येण्याचे दुखणे वर्षानुवर्षे सासूपासूनही लपवून ठेवणाऱ्या बाईस टाके कोठे पडणार, लघवीची नळी किती दिवस राहणार, न्हाणीघरापर्यंत केव्हा चालता येईल, हे विचारण्याचे धैर्य होत नाही. आणि तिने विचारले नाही म्हणून तिला जाणून घ्यावयाचे नाही असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो.

सांगण्याचे महत्त्व ओळखणारे कोणी नव्हतेच असे नाही. डॉ. रखमाबाई सुरतेस गेल्या तेव्हा बायका बाळंतपणास इस्पितळात येईनात. मग त्यांनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवून ती सुखरूप व्यालेली गावाला दाखवली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात जी समज आहे ती पुष्कळ छापील सूचनापत्रकांत नाही. बेने इस्रायली समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी 1928 पासून 1947 पर्यंत कामा इस्पितळाची धुरा वाहिली, त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री. पारशी दात्याने घातलेली अट अशा रीतीने देशी हातांत आली.

सहीचा प्रश्न मात्र उरलाच. 1971 च्या गर्भपातविषयक कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी ठरवली, तरी नवऱ्याची सही मागण्याचा शिरस्ता इस्पितळांच्या कारकुनी मेजावरून हलला नाही. दिल्लीतील एका खटल्यात, केवळ दुर्बिणीने तपासणी करावयाची म्हणून भूल दिलेल्या अविवाहित स्त्रीची, ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशये काढून टाकण्याची शस्त्रक्रिया उरकण्यात आली होती. जिवावर बेतलेले नसताना रुग्णा शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते, दुसऱ्याची संमती येथे चालणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला; नुकसानभरपाई ठरली ती 25 हजार रुपये.

आणि 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा पिशवी काढलेल्या 13 हजारांहून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घातली होती. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम दंड कापतो म्हणून कित्येकी स्वतःहून तयार झाल्या होत्या. पिशवी गेल्यानंतर हाडे दुखतात, अंगातून वाफा येतात, हे त्यांना फडावर परतल्यानंतर कळले. त्यावर इलाज म्हणून जिल्हा प्रशासनाने हुकूम काढला, तो असा की यापुढे खाजगी इस्पितळाने गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी.